जाड तार, बारीक तार

गिटारच्या पहिल्या तारेची जाडी किती असावी, या प्रश्नावर दिवाळी अंकात लेख लिहिण्याची वेळ माझ्यावर येईल असे मला कधी वाटले नव्हते. मी कादंबऱ्या लिहितो आणि शाळेत मराठी शिकवतो. वाद्यांशी माझा संबंध ऐकण्यापुरता. हात लावून वाजवलेले वाद्य म्हणाल तर लहानपणी भजनातल्या टाळापलीकडे मजल गेली नाही. पण गेली दोन वर्षे या एका प्रश्नाने माझा पिच्छा पुरवला आहे, आणि कलेविषयीच्या माझ्या काही जुन्या, लाडक्या समजुती त्याने उखडून टाकल्या आहेत. फराळाचे ताट बाजूला ठेवून वाचकांनी थोडा वेळ माझ्याबरोबर ही तार तपासून पाहावी, एवढीच विनंती आहे.

प्रकरण सुरू झाले ते वर्गात. नववीतला एक मुलगा डाव्या हाताच्या तीन बोटांना पट्ट्या बांधून आला. लिहिणे उजव्या हाताने, त्यामुळे अभ्यासात खंड नव्हता; पण बाकावर हात टेकतानाही तो कळवळत होता. मी विचारले तेव्हा म्हणाला, "सर, तेराची तार लावली."

"तेराची म्हणजे?"

"गिटारला, सर. सगळी मुलं नऊची लावतात. स्टीव्ही रे वॉन तेराची लावायचे. जाड तारेशिवाय सूर जाड येत नाही."

हा स्टीव्ही रे वॉन कोण, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पण रक्त आलेली बोटे समोर होती, आणि त्यांच्या पुढ्यात माझ्यातला शिक्षक एकदम जागा झाला. मी त्याला उभे केले, वर्गाला त्याचा हात दाखवला आणि साधनेवर दहा मिनिटे बोललो. कला माणसाकडून मोल मागते, ज्याला दुखत नाही त्याला काही येत नाही, अशी वाक्ये मी त्या दिवशी उच्चारली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मलाही माझे भाषण आवडले.

तीन महिन्यांनी त्याची आई शाळेत आली. गिटार कपाटावर गेली होती. बोटे बरी झाली, पण मनगटात कळ येत होती आणि मुलाने वाद्याचे नाव टाकले होते. बाई रागावल्या नव्हत्या, शांतपणे म्हणाल्या, "त्याच्या बाबांनी सांगितलं होतं, बारीक तार लाव म्हणून. पण सर, तुम्ही वर्गात कौतुक केलंत ना, मग तो ऐकेना."

त्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ज्या कलेतले मला काही कळत नव्हते तिच्याबद्दल मी एका मुलाला सल्ला दिला होता, आणि तो सल्लाही माझा नव्हता, ऐकीव होता. तेव्हा निदान आता तरी समजून घ्यावे, म्हणून मी ऐकायला आणि विचारायला लागलो. पुढे जे लिहितो आहे ते त्या ऐकण्याचे फळ आहे.

प्रथम हे आकडे काय ते सांगितले पाहिजे. गिटारची तार तिच्या जाडीच्या आकड्याने ओळखतात, आणि तो आकडा इंचाच्या हजाराव्या भागात असतो. दहाची तार म्हणजे ०.०१० इंच, आपल्या मापात ०.२५ मिलिमीटरच्या किंचित वर. नऊची तार ०.२३ मिलिमीटर, तेराची ०.३३. डोळ्यांना हा फरक जवळजवळ दिसत नाही. बोटांना मात्र तो चांगलाच कळतो. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी मला तो फळ्यावर मांडून दाखवला. मारँ मर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्याने १६३६ मध्ये तारेचे नियम छापून ठेवले, आणि ते अजून बदललेले नाहीत. तारेची लांबी तीच ठेवली आणि सूरही तोच हवा असेल, तर ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढवावा लागतो. साडेपंचवीस इंचांच्या गिटारवर पहिली तार तिच्या नेहमीच्या सुराला लावली, तर नऊच्या तारेवर सुमारे ६ किलोंचा ताण येतो, दहाच्या तारेवर ७.४ किलोंचा आणि तेराच्या तारेवर जवळजवळ साडेबारा किलोंचा. म्हणजे नवाचे तेरा झाले तर जाडी निम्म्याहून कमी वाढते. ओढ मात्र दुपटीच्या वर जाते. सहाही तारांचा हिशेब केला तर नेहमीच्या दहाच्या संचात गिटारची मान सुमारे ४७ किलोंचे ओझे सोसत असते, आणि नऊच्या संचात ३८ ते ३९. म्हणून तार बदलली की मानेचा बाक, घोडीची उंची, सारेच पुन्हा जुळवून घ्यावे लागते.

आता हे ओझे वादकाला जाणवते कुठे? सतार पाहिलेल्या वाचकांना हे लगेच उमजेल. सतारिया पडद्यावर तार दाबतो आणि ती आडवी ओढून स्वर वर चढवतो. त्यालाच आपण मींड म्हणतो. अमेरिकेतल्या ब्लूज वादकांनी गिटारवर नेमके हेच केले. 'लीड' म्हणजे साथ सोडून एकट्याने पुढे येऊन गाण्यासारखे वाजवणे. त्यातला जीव या तार ओढण्यात आहे. स्वर खालून उचलायचा, वरच्या स्वरावर नेऊन ठेवायचा आणि तिथे त्याला कंप द्यायचा. गळा जे करतो ते बोटाने करायचे. सतारीची बाजाची तार साधारण ०.३० मिलिमीटरची असते, म्हणजे गिटारच्या भाषेत बाराच्या आसपास; पण सतारीची दांडी लांब, सूर खालचा आणि पडदे उंच, म्हणून तिच्यावर चार-पाच स्वरांची मींडही निघते. विलायत खाँ यांची सतार ऐकताना एकाच आघातावर स्वर गळ्यासारखा फिरतो तो या ओढण्यामुळे. गिटारवर एक-दीड स्वराची मींडसुद्धा बोटांची परीक्षा पाहते.

विज्ञानाच्या सरांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटली. मला वाटत होते की जाड तार जास्त लांब ओढावी लागत असेल. तसे नाही. साध्या पोलादी तारेत जाडी आणि ताण बरोबरीने वाढतात, त्यामुळे एखादा स्वर गाठायला तार जितकी आडवी सरकवायची ते अंतर जाड आणि बारीक दोन्ही तारांना जवळजवळ सारखेच असते. बदलतो तो फक्त जोर. जागा तीच, चढण तीच. खांद्यावरचे पोते तेवढे जड. त्या मुलाची बोटे जिथे जाऊन पोचायची होती ती जागा नऊच्या तारेवरही तिथेच होती.

मग जाड तार लावतात तरी कशाला? इथे मला त्या मुलाच्या बाजूनेही बोलले पाहिजे, कारण त्याचे म्हणणे निखालस खोटे नव्हते. विजेच्या गिटारमध्ये तारेखाली चुंबक असतो. तारेत पोलाद जास्त असले की त्या चुंबकापाशी निर्माण होणारा विद्युत्प्रवाहही जोरकस असतो. जाड तार थोडी सळईसारखी ताठ वागते, त्यामुळे तिच्यातले वरचे, किणकिणणारे उपस्वर तुलनेने मंद असतात आणि आवाज गोल, भरीव वाटतो. शिवाय ती आघात सोसते. बारीक तारेवर नखीचा जोरदार फटका मारला तर तार इतकी ताणली जाते की स्वर आरंभी किंचित चढा लागतो आणि मग खाली येतो. पडद्यावर बोट जड पडले तरी ती बेसूर होते. ज्याचा हात मुळातच भारी, त्याला बारीक तार झेपत नाही. ती त्याच्या हाताखाली चुरगळते. हे सारे खरे आहे. पण यातले एकही कारण 'दुखले म्हणजे सूर चांगला' असे म्हणत नाही.

स्टीव्ही रे वॉन यांचे वादन मी या माहितीनंतर ऐकले, हे बरे झाले. टेक्सासमधल्या डॅलसचा हा माणूस १९५४ मध्ये जन्मला आणि १९९० मध्ये हेलिकॉप्टरच्या अपघातात गेला. 'टेक्सास फ्लड' ही त्यांची पहिली तबकडी १९८३ मध्ये निघाली. १९८२ च्या नोव्हेंबरात अवघ्या काही दिवसांत ती ध्वनिमुद्रित झाली होती. ऐकताना पहिल्यांदा जाणवतो तो उजवा हात. माणूस एक तार वाजवत नाही. सहाही तारांवर हात झोकून देतो, नको त्या तारा डाव्या हाताने मुक्या करतो, आणि हवी ती एकच तार त्या धुमश्चक्रीतून बाहेर पडते. 'प्राइड अँड जॉय' मधला तो उड्या मारत जाणारा ठेका बारीक तारेवर उभा राहिला नसता असे मी आता ठामपणे म्हणेन. तार त्या हाताला साजेशी होती. इथे जाडी ही ऐट नव्हती, गरज होती.

पण त्या मुलाने जे ऐकले नव्हते तेही सांगितले पाहिजे. वॉन गिटार अर्धा स्वर खाली उतरवून लावत. त्यामुळे ताण अकरा टक्क्यांनी उतरतो. साडेबारा किलोंचे अकरा होतात. म्हणजे त्यांची तेराची तार ही त्या मुलाच्या तेराच्या तारेइतकी कडक कधीच नव्हती! आणि इतके करूनही त्यांची कातडी सोलवटून निघे, फाटलेल्या बोटांना ते चिकटवण्याचा द्रव लावून मैफल पुरी करत, आणि पुढे त्यांच्या वाद्यांची देखभाल करणाऱ्या सहकाऱ्याच्या आग्रहावरून त्यांनी अकराच्या तारेपर्यंत उतरणेही मान्य केले. ज्याच्या नावाने जाड तारेची आण घेतली जाते त्या माणसानेच तिच्याशी अशा तडजोडी केल्या. चाहत्यांना आकडा तेवढा पाठ आहे. तडजोड कुणी सांगत नाही. गुरूचे व्रत घ्यायचे आणि त्याने काढलेली पळवाट घ्यायची नाही, ही आपली जुनीच खोड आहे.

याच्या उलट टोकाला बिली गिबन्स आहेत. तेही टेक्सासचेच, 'झी झी टॉप' या तिघांच्या वृंदातले. त्यांच्या गिटारचा आवाज इतका जाडजूड आहे की प्रथम ऐकणाऱ्याला वाटावे, या माणसाने गिटारला केबल बांधली असेल. प्रत्यक्षात ते सातची किंवा आठची तार लावतात! सातच्या तारेवर नेहमीच्या सुरात चार किलोंचाही ताण नसतो. ही बुद्धी त्यांना बी. बी. किंग यांनी दिली असे ते स्वतः सांगत आले आहेत: तरुणपणी किंग यांनी त्यांची गिटार हातात घेतली, दोन-चार स्वर छेडले, परत दिली आणि विचारले की बाबा रे, इतके कष्ट कशासाठी करतोस? या प्रश्नाने मला त्या आईची आठवण झाली. तिने तोच प्रश्न मला विचारला होता. फक्त जास्त सभ्यपणे.

आणि प्रश्न विचारणारे बी. बी. किंग हे काही कष्टांना भिणारे गृहस्थ नव्हते. १९२५ मध्ये मिसिसिपीत जन्मलेल्या या माणसाने कापसाच्या शेतात राबून दिवस काढले होते. शरीरकष्ट म्हणजे काय हे त्यांना शिकवावे लागत नव्हते. कदाचित म्हणूनच त्यांना त्यांचा गौरव करावासा वाटला नसेल. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी शिकागोच्या रीगल नाट्यगृहात झालेली त्यांची मैफल ध्वनिमुद्रित आहे. ती ऐकावी. किंग फार थोडे स्वर वाजवतात. एक ओळ गातात, थांबतात, मग गिटार तिला उत्तर देते; गाणे आणि वाजवणे एकाच वेळी नाही. नात्यातले बुका व्हाइट काचेची किंवा धातूची नळी तारेवर सरकवून वाजवत. ते सरकते, थरथरते स्वर किंग यांना हवे होते, पण ती नळी त्यांना वश होईना. तेव्हा त्यांनी नुसते बोट तारेवर ठेवून मनगटातून ते हलवायला सुरुवात केली, आणि त्यातून तो प्रसिद्ध कंप जन्मला. त्यांच्या नावाने विकल्या गेलेल्या तारांच्या संचात पहिली तार दहाची असे, खालच्या तारा मात्र चांगल्या जाड. म्हणजे जिथे गायचे तिथे हलकी, जिथे पाया धरायचा तिथे भारी. माझ्या मते या वादातली सर्वांत शहाणी भूमिका हीच आहे, आणि ती त्यांनी वाद न घालता घेतली.

तिसरे उदाहरण ऐकून माझी उरलीसुरली समजूतही गेली. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे टोनी आयोमी. १९६५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यातल्या नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. ते डावखुरे; म्हणजे तार दाबण्याचा हात नेमका तोच. वाजवणे संपले असे समजून बसलेल्या या मुलाला कारखान्यातल्या मुकादमाने जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. जँगोचा हात १९२८ मध्ये आगीत भाजला होता आणि तो दोन बोटांनी वाजवत असे. आयोमींनी प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले, आणि तारा? बारीक तारांचे संच तेव्हा सहज मिळत नसत. म्हणून बॅन्जोच्या तारा आणून लावल्या. पुढे १९७१ च्या तबकडीत त्यांनी काही गाण्यांसाठी गिटार दीड स्वर खाली उतरवली. त्याने ताण आणखी तीस टक्क्यांनी कमी झाला. १९७० मध्ये आलेल्या 'ब्लॅक सबाथ' या त्यांच्या पहिल्या तबकडीपासून ज्या संगीताला जग 'हेवी', म्हणजे जड, म्हणू लागले ते या ढिल्या, बारीक तारांवर आणि जखमी बोटांवर उभे आहे. जडपणा तारेत नव्हता. तो खाली उतरवलेल्या सुरात होता, त्याच ओळी खालून वाजवणाऱ्या बासगिटारमध्ये होता, अ‍ॅम्प्लिफायरमध्ये होता, आणि सर्वांहून अधिक त्या संथ, न घाबरणाऱ्या लयीत होता.

या तीन माणसांना शेजारी बसवले की 'जाड तार, जाड सूर' हे सूत्र टिकत नाही. टिकते ते एवढेच: तार हाताला जुळली पाहिजे, आणि हात जे म्हणू पाहतो त्याला जुळला पाहिजे. आपल्याकडे ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार आडवी मांडीवर घेऊन पोलादी कांबीने राग वाजवले. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' मध्ये संतूर आणि बासरीबरोबर ती गिटार ऐकू येते. तिथे तार बोटाने दाबायचीच नसते, कांब वरून सरकते. म्हणून तशा वादनात तारा जाड असल्या तरी बोटांचे काही अडत नाही, उलट कांबीच्या वजनाखाली तार लवत नाही हा फायदाच. एकच वाद्य, पण काम बदलले की तारेचा न्याय बदलतो.

बाजारालाही हे उशिरा उमगले. १९५० च्या दशकात गिटारच्या संचातली तिसरी तारसुद्धा गुंडाळी घातलेली, कडक असे. तिच्यावर मींड काढणे म्हणजे दोरखंड ओढणेच. जेम्स बर्टन यांच्यासारख्या तरुण वादकांनी बॅन्जोच्या तारा लावून आपली सोय आपणच करून घेतली. कॅलिफोर्नियातले दुकानदार आणि गिटारशिक्षक एर्नी बॉल यांनी पाहिले की शिकाऊ मुलांना ती तिसरी तार झेपत नाही. त्यांनी हलक्या तारांचे संच बनवून घेतले आणि १९६२ पासून ते विकायला सुरुवात केली. पुढच्या दशकात लीड वादनाला जो बहर आला त्याच्या मुळाशी प्रतिभेबरोबर ही साधी सोयही आहे. मुलाची बोटे दुखताना पाहून एका शिक्षकाने तार बदलली. दुसऱ्याने टाळ्या वाजवायला लावल्या. हा दुसरा मी.

आता थोडे स्वतःबद्दल. हे लिहिणे सुखाचे नाही. पण परीक्षण दुसऱ्याच्या तारेचे करायचे आणि आपली झाकून ठेवायची हे बरे नव्हे. माझी पहिली कादंबरी मी तेराच्या तारेवर लिहिली. एकेक वाक्य आठ ओळींचे, शब्द निवडून निवडून जड, आणि ते लिहिताना माझे खरोखर डोके दुखत असे. त्या दुखण्यालाच मी खोली समजत होतो. 'भाषेला वजन आहे' असे कुणी म्हटले की मी सुखावत असे. या लेखाच्या निमित्ताने ती मी पुन्हा वाचली. वजन आहे, यात शंका नाही. पण ज्या ज्या जागी पात्राच्या तोंडून एखादी साधी गोष्ट वर चढून यायला हवी होती, तिथे वाक्य अर्ध्यात थकलेले आहे. स्वर गाठलेला नाही. जड शब्दाचा दोष नाही; मोरोपंतांच्या हाताला तसली तार पेलत होती, तिच्यावर त्यांनी आर्येमागून आर्या सुरात वाजवली. तुकोबांनी रोजच्या बोलण्यातली तार घेतली आणि तिच्यावर चढले नाहीत असा स्वर शिल्लक ठेवला नाही. दोघांपैकी कुणी दुसऱ्याची तार लावली असती तर मराठीचे नुकसान झाले असते. माझी चूक एवढीच की माझा हात कोणता, हे न पाहता मी तार निवडली.

मुलाचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. आईंच्या भेटीनंतर मी त्याच्या घरी गेलो आणि त्याच्याजवळ चूक कबूल केली. त्याला संकोच वाटला. शिक्षकाने असे काही म्हणावे याची मुलांना सवय नसते. मनगट बरे व्हायला काही महिने गेले. मग एका रविवारी त्याने मला बोलावले. त्याने मित्राची गिटार आणली होती. तिच्यावर अकराची तार होती. स्वतःच्या गिटारवर नऊची. त्याने मला भिंतीकडे तोंड करून बसवले. "ओळखा, सर, कुठली कुठली ते."

आधी त्याने तार न ओढता, संथ, एकेक स्वर वाजवला. सहा वेळा. मी सहापैकी तीन ओळखले, म्हणजे नाणे उडवून जेवढे यावेत तेवढेच. माझ्या कानांचा दोष असेल. मुरलेल्या वादकाला कदाचित जास्त कळले असते. मग त्याने मींड घ्यायला सुरुवात केली. इथे मात्र मी एकदाही चुकलो नाही. मला तार ओळखू येत नव्हती. पण अकराच्या तारेवर त्याचा स्वर वरच्या घराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन थांबत होता, आणि नऊच्या तारेवर तो आत जाऊन बसत होता, बसल्यावर हलकेच थरथरत होता. ऐकणाऱ्याला जाडी कळत नाही. स्वर पोचला की नाही हे मात्र मराठीच्या मास्तरालाही कळते.

"मग आता नऊचीच?" मी विचारले.

"सध्या नऊची," तो म्हणाला. "हात मोठा झाला तर दहाची बघेन. नाही झाला तर नाही."

आतून त्याच्या आईने चहा आणला, आणि बरोबर चकल्या. त्याने बोटांची टोके मला दाखवली. घट्टे पडले होते, रोज वाजवणाऱ्याला पडतात तसे, कोरडे आणि पिवळट. जखम कुठे नव्हती. मी त्या हाताकडे बराच वेळ पाहिले आणि या वेळी भाषण केले नाही.